खारवटावरचं घर

ज्या घरात ती लहानाची मोठी झाली, त्या घराच्या जागेकडे जायचं तर आता तिला आधी नाव नोंदवावं लागे. मग फाटकापाशी अनोळखी माणसांच्या रांगेत उभं राहून दुसऱ्या कुणाचे तरी गमबूट पायांत चढवावे लागत. मापाचे गमबूट तिला एकदाही मिळाले नाहीत. दर वर्षी ती मोठाले बूट फटाक फटाक वाजवत फळ्यांच्या वाटेवरून सगळ्यांच्या मागून चालायची. पाहुणी म्हणून.

शहरातली शेवटची बस जिथे वळसा घेऊन परत फिरते, तिथे सिमेंटच्या पाइपांचा कारखाना आहे. त्याच्या मागून एक कच्चा रस्ता जातो आणि तो संपला की खारवट लागतं. समुद्र तिथून कुठल्या कुठे. पण जमिनीच्या पोटातून खारं पाणी झिरपत वर येतं आणि सखल जागी साचून राहतं. ऊन तापलं की पाणी आटतं आणि मातीवर मिठाचा पांढरा पापुद्रा धरतो. अशा मातीत जे उगवतं ते दुसरीकडे कुठेच उगवत नाही. जाणकार सांगतात की अशा जागा देशात बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. तिच्या लहानपणी मात्र या जागेला कुणी दुर्मीळ म्हणत नसे. कुणाला काही टाकून द्यायचं असलं की माणसं इकडे यायची.

तिचे बाबा त्याच पाइपांच्या कारखान्यात कामाला होते. ही जमीन त्यांनी घेतली तेव्हा सगळा कारखाना हसला होता. "लोणचं घालायचंय का रे?" असं सोबतचे कामगार रोज विचारायचे. बाबा कामावरून आले की कुदळ-फावडं घेऊन चर खणायला लागायचे. कारखान्यातले फुटके पाइप त्यांनी चरात बसवले, खारं पाणी बाहेर काढलं, पावसाच्या पाण्यानं माती पुन्हा पुन्हा धुतली. त्यावर लांबून आणलेल्या गोड्या मातीचा भराव घातला, तीन खोल्या बांधल्या आणि घराच्या पाठीमागे डाळिंबं लावली. वारा अडवायला झाऊच्या झाडांची रांग लावली. ती शाळेत जायला लागली तोवर अंगणात सावली होती, विळखे घालून खेळायला बुंधे होते, आणि पाइपवाल्याच्या घरची डाळिंबं आता कारखान्यातलेच लोक मागून न्यायचे.

बाबा गेले. तिला शहरात चष्म्याच्या दुकानात काम लागलं आणि मायलेकी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. तरी सुट्टीच्या दिवशी ती बसनं जायची, झाडांना पाणी घालायची, खिडक्या उघडून घरात हवा खेळवायची. लग्नाचं म्हणाल तर तो विषय दोनदा निघाला आणि दोनदा मागे पडला. त्याचं तिला फारसं वाटलं नाही. त्या घराचं मात्र तिला वाटायचं.

एक दिवस ती दुकानात असताना पाणथळ खात्याची माणसं नकाशा घेऊन आईकडे आली. खारवट पुन्हा होतं तसं करायचंय, चर बुजवायचेत, मधली ही जमीन मिळाल्याशिवाय ते होणार नाही, असं त्यांनी सांगितलं. आईनं त्यांना चहा दिला आणि त्याच बैठकीत सही केली. संध्याकाळी ही घरी आली तर आई म्हणाली, "दिली जमीन. तू हातपाय धू, जेवायला बस."

"मला विचारायचं तरी!"

"काय विचारायचं? जमीन माझ्या नावावर होती."

तेवढंच बोलणं झालं. त्यानंतर दोघी एकाच घरात राहत होत्या, एकाच ताटलीतून भाजी निवडत होत्या, एकमेकींच्या दुखण्याखुपण्याला उठत होत्या. पण त्या सहीचा विषय कुणी काढला नाही. आई थकली होती, तिला नसती यातायात नको होती, अशी हिनं स्वतःची समजूत घातली. ती समजूत चपलेतल्या खड्यासारखी टोचत राहिली.

घर पाडलं, चर बुजले, आणि दोन पावसाळ्यांनंतर खात्यानं फळ्यांची वाट बांधून लोकांना आत सोडायला सुरुवात केली. पक्ष्यांची घरटी रिकामी झाली की वर्षातून थोडे आठवडे खारवट उघडायचं. पहिल्याच खेपेला तिनं नाव नोंदवलं. वाट दाखवायला एक उंच मुलगी होती. उन्हानं तिच्या नाकाची सालं निघाली होती, आणि बोलताना ती दोन्ही हात असे उडवायची की शेजारच्यानं जरा लांबच उभं राहावं. वाटेच्या टोकाशी थांबून ती म्हणाली, "पूर्वी इथे शेती करायचा प्रयत्न झाला होता. त्यात या जमिनीचं फार नुकसान झालं. आता कुठे ती सावरतेय."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. हिनंही डोलावली. तिची नजर मुलीच्या खांद्यावरून पलीकडे गेली होती. लांबवर झाऊची रांग अजून उभी होती आणि तिच्याअलीकडे, जरा उंचवट्यावर, एक डाळिंब. एकच उरलं होतं. म्हणजे त्याच्या उजव्या हाताला मोरी, पुढे स्वयंपाकघर... तिनं मनातल्या मनात भिंती उभ्या केल्या, दारं लावली. जाऊन हात लावावा इतकं ते जवळ होतं, आणि फळ्यांवरून पाय खाली ठेवायला मनाई होती.

मधल्या सगळ्या जागेत लाल पसरलं होतं. पानं नसलेलं, पेरापेरांचं, मांसल असं एक बुटकं रोपटं खाऱ्या चिखलात उगवतं. उन्हाळाभर हिरवं राहतं आणि थंडीची चाहूल लागली की मुळापासून शेंड्यापर्यंत लाल होतं. लोक वाकवाकून त्याचे फोटो काढत होते. तिनं त्याच्याकडे धड पाहिलंही नाही. बाबा त्याला तण म्हणायचे आणि चराच्या अलीकडे दिसलं की उपटून टाकायचे. आता ते दर वर्षी थोडं थोडं डाळिंबाकडे सरकत होतं.

घरी आल्यावर आई विचारायची, "गेली होतीस?"

"हो."

"लाल झालं होतं?"

"झालं होतं की. डाळिंब अजून आहे, आई. एवढं मोठं झालंय."

"सगळीकडे लाल? की नुसतं कडेकडेनं?"

"मी नाही बघितलं," असं तुटक बोलून ती कपडे बदलायला जायची.

दुकानात तिची जागा मागच्या खोलीत होती. काच घासायच्या यंत्रावर पाण्याची धार सुरू असायची आणि खाली पांढरा लगदा साचायचा. मालकांना दिसायचं कमी झाल्यापासून बुबुळांमधलं अंतर मोजायचं कामही तिच्याकडेच आलं होतं. माणूस समोर बसायचा, तिच्या डोळ्यांत सरळ बघायचा. पण बिनचष्म्याचं त्याला ती दिसायची नाही. लांबवरचं काहीतरी शोधत असल्यासारखी नजर व्हायची त्याची. खारवटाहून परतल्यावर काही दिवस आपलीही नजर अशीच होत असणार, असं तिला वाटायचं. मालक म्हणायचेच, "बाई, आज काच घासताय की काचेतून कुठे निघून गेलाय?"

मग एका वर्षी दुकानाच्या दारासमोरच्या खांबावर खात्याची सूचना लागली. खारवटावर झाडं काढायला स्वयंसेवक हवे होते. झाऊची रांग आणि जुना भराव हटवायचा होता. झाऊ जमिनीतलं पाणी ओढून घेते आणि भरावामुळे खारं पाणी पसरत नाही, असं खाली लिहिलं होतं. करवती खात्याच्या, जेवण आपापलं.

ती सूचना तिनं पुन्हा पुन्हा वाचली. भराव म्हणजे घराची जागा. झाडं म्हणजे ते डाळिंबही आलंच. आणि झाडं काढायची म्हणजे फळ्यांच्या वाटेवरून खाली उतरायचं. इतकी वर्षं ज्या दहा पावलांसाठी जीव तुटत होता, ती पावलं टाकायला मिळणार होती. पण हातात करवत घेऊन. तिनं सुट्टी मागितली. मालकांनी विचारलं, "कुणाचं कार्य आहे?" काय सांगावं ते न सुचून ती म्हणाली, "घरचंच."

संध्याकाळी आईला सांगितलं तेव्हा आई गुडघ्याला तेल चोळत होती. हात थांबला.

"मलाही ने."

"तू? जिना उतरताना सगळी इमारत गोळा करतेस!"

"मग करू दे गोळा. मला ने."

"आई, तिथे काही नाहीये आता."

"तू नाही का जात दर वर्षी? काही नसलेलं बघायला?"

हिनं खात्यात फोन केला. ती उंच मुलगीच बोलली आणि फाटकापाशी चाकाची खुर्ची मिळेल, वाटेच्या टोकापर्यंत आजींना नेता येईल, असं म्हणाली.

त्या दिवशी आई सकाळीच तयार होऊन बसली. केस नीट बांधलेले, अंगावर बाहेर जायची शाल. जिना उतरताना खरोखरच इमारत गोळा झाली, पहिल्या मजल्यावरच्या काकांनी हात दिला आणि "आजी निघाल्या कुठे एवढ्या नटून?" म्हणून विचारलं. "माहेरी," आई म्हणाली. हिला ते जरा विचित्र वाटलं. आईचं माहेर दुसऱ्याच दिशेला होतं आणि तिथे आता कुणी उरलं नव्हतं.

फळ्यांच्या वाटेवर खुर्चीची चाकं खडखडत होती. वाटेच्या टोकाशी हिनं खुर्ची लावली, चहाचा थर्मास आईच्या मांडीवर ठेवला, शाल सारखी केली. "मी आलेच," असं म्हणून ती बाकीच्यांबरोबर खाली उतरली.

पहिल्याच पावलाला बूट घोट्यापर्यंत चिखलात गेला. ती उंचवट्याकडे निघाली. काय काय सापडेल याची तिनं किती उजळणी केली होती! उंबऱ्याचा दगड, मोरीचा उतार, निदान एखादी फरशी. पण खात्याच्या माणसांनी काम चोख केलं होतं. सगळं उचलून नेलं होतं, खिळासुद्धा ठेवला नव्हता. डाळिंबापाशी उभं राहून तिनं उजवीकडे हात केला. इथे मोरी. पण मोरी एवढी जवळ होती? मग स्वयंपाकघर कुठे मावलं? तिनं पुढे-मागे पावलं टाकून बघितली. बाबांची खाट, तिचं दप्तर ठेवायचा कोनाडा, मागचं दार. फळ्यांवरून बघताना सगळं कसं जागच्या जागी असायचं! आता प्रत्यक्ष त्या जागेवर उभी होती तर एकाही खोलीत शिरता येईना. पायाखाली मिठाचा पापुद्रा कुरकुरत होता. ती डाळिंबाच्या बुंध्याला टेकून तशीच उभी राहिली.

"ताई, बरं वाटत नाहीये का?" ती उंच मुलगी करवत घेऊन आली होती.

"नाही, बरी आहे." आणि मग, इतकी वर्षं गिळलेलं बाहेर पडलं. "हे आमचं घर होतं. बाबांनी लावलंय हे झाड. शेती करायचा प्रयत्न झाला होता ना, तो त्यांनी केला होता."

मुलीचे उडणारे हात जागच्या जागी थबकले. चेहरा तांबडा झाला. "तुम्ही दर वर्षी येता... मी तुमच्यासमोर तेच तेच बोलत राहिले. सांगायचं नाही का हो?"

"काय सांगणार? तुम्ही खोटं थोडंच बोलत होता!"

मुलीनं झाडाकडे बघितलं, उंचवट्याकडे बघितलं. मग हलकेच म्हणाली, "झाऊ तर काढावीच लागेल. पण एक डाळिंब राहिलं म्हणून आभाळ कोसळणार नाही. थोडा भराव त्याच्याभोवती ठेवता येईल. मी वरिष्ठांशी बोलते. ठेवायचं का?"

हो म्हणायला हिनं तोंड उघडलं आणि तिची नजर वाटेच्या टोकाकडे गेली. "आईला विचारून येते," ती म्हणाली.

आई खुर्चीत नव्हती. ती कठड्याला धरून उभी होती, दुखऱ्या गुडघ्यांवर. थर्मास खाली कलंडलेला होता. आई रडतेय असं हिला लांबून वाटलं. जवळ आली तर गाल ओले होते खरे, पण आई हसत होती.

"बस आधी खाली. पडलीस म्हणजे?"

"अगं, बघ तरी," आई म्हणाली. "पार तिथपर्यंत गेलंय. अगदी तस्संच."

"कसं?"

"लग्न झाल्यावर तुझे बाबा मला जमीन दाखवायला घेऊन आले ना, तेव्हा असंच होतं. सगळं लाल. असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. चपला काढल्या आणि पळत सुटले. चिखलात, साडीबिडी सगळी बरबटली. मागून हे ओरडतायत, अगं थांब, पडशील!" आई बोलता बोलता धापा टाकत होती. "मग मला हात धरून बाहेर काढलं आणि म्हणाले, घाबरू नकोस, दोन वर्षांत हे सगळं घालवतो बघ. तुला इथे बाग करून देतो."

हिनं आईचा दंड धरला.

"त्यांना वाटलं, मी रडतेय. हसतेय म्हणून कळलंच नाही त्यांना."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार? दिवसभर कारखान्यात राबून आलेला माणूस माझ्यासाठी चर खणतोय. हाताची सालटी निघालेली. त्याला कोणत्या तोंडानं म्हणू की नको खणूस, मला ते तणच आवडतं? आणि मग तू झालीस. तुला सावली हवी होती." आईनं नाक पुसलं. "दर वर्षी थोडं थोडं कमी होत गेलं. शेवटी चराच्या पलीकडे एक पट्टा उरला होता. तू शाळेत गेलीस की मी तिकडे जाऊन उभी राहायची. घटकाभर."

"म्हणून सही केलीस."

"म्हणून केली."

"एका बैठकीत."

"विचार करत बसले असते तर झाली नसती गं माझ्याच्यानं. घर काय फक्त तुझं होतं? भिंती मी सारवल्या होत्या, त्यांच्याबरोबर पत्रे मी चढवले होते. पाडायच्या दिवशी यायची हिंमत नाही झाली माझी. तू रागावलीस ते मला कळत होतं. वाटलं, रागावू दे. निदान दोघींपैकी एकीनं तरी त्या घरासाठी रागवायला हवं."

हिनं आईला धरून खुर्चीत बसवलं. कलंडलेला थर्मास उचलला. चहा बराचसा सांडला होता; उरला तो झाकणात ओतून आईला दिला. मग आईच्या खुर्चीशेजारी फळ्यांवरच बसली आणि पहिल्यांदा त्या लाल पसाऱ्याकडे सरळ बघितलं. ऊन कलतं होतं आणि रोपटं न् रोपटं आतून पेटल्यासारखं दिसत होतं. सुंदर होतं. ते तिला कबूल करावं लागलं.

"ती मुलगी म्हणतेय, डाळिंब ठेवता येईल," ती म्हणाली. "ठेवायचं का?"

आईनं चहाचा घोट घेतला. "मला नको विचारूस. माझ्या वाटणीचं मी एकदा ठरवलंय. आता तू ठरव."

ती परत उंचवट्यावर गेली. झाऊची रांग अर्धी आडवी झाली होती आणि तिच्यामागून कधी न दिसलेलं आभाळ दिसत होतं. डाळिंब ठेवलं तर? दर वर्षी फळ्यांवरून ते दिसेल, दर वर्षी ती भिंती उभ्या करेल आणि दारं लावेल. खाली खारं पाणी चढत राहील, भोवतीचा भराव खचत राहील, आणि एका वर्षी ते वाळलेलं दिसेल. त्या वर्षी आपण बसनं घरी कसे जाऊ, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं. बाबांचं झाड उभ्या उभ्या मिठानं मरताना तिला बघायचं नव्हतं.

"करवत द्या," ती मुलीला म्हणाली. "पण मीच कापणार."

"नक्की?"

"तुम्ही फांदी धरा. तिला काटे असतात, सांभाळून."

लाकूड फार कठीण होतं. मध्येच करवत अडकली. मुलीनं फांदी ओढून धरली तेव्हा सुटली. हात भरून आले, तळव्याला फोड आला. झाड पडताना मोठा आवाजही झाला नाही, नुसतं खसकन एका अंगावर कललं. फळं धरायचा त्याचा काळ कधीच उलटला होता. मुलीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मग तिला विचारत राहिली: चर कुठून जायचा, पाइप किती खोल होते, पाणी कुठे सोडलं होतं? हिला जेवढं आठवत होतं तेवढं तिनं सांगितलं. बरंच आठवत नव्हतं.

परत जाताना बसमध्ये आई खिडकीपाशी बसली आणि पाइपांचा कारखाना मागे पडायच्या आत झोपली. तिचं डोकं हिच्या खांद्यावर होतं. बुटांचा चिखल दोघींच्या कपड्यांवर वाळून पांढरा पडला होता. उतरायची वेळ येईपर्यंत हिनं खांदा हलवला नाही.

घराची आठवण काही त्यानंतर कमी झाली नाही. उलट पूर्वी ती निदान एका झाडापाशी जाऊन थांबायची. आता तिला थांबायला जागाच नव्हती. काचा घासताना, भाजी निवडताना, कधीही वर यायची. फरक एवढाच पडला की आता ती बोलून दाखवता येत होती. "आई, कोनाडा निळा होता ना गं?" "छे! हिरवा." असं काहीतरी.

पुढच्या वर्षी खारवट उघडलं तेव्हा दोघींनी नाव नोंदवलं. आईचे गुडघे आणखी कुरकुरायला लागले होते, पण ती ऐकायला तयार नव्हती. वाटेच्या टोकाशी पोचल्या तर समोर सगळं सपाट होतं. ना उंचवटा, ना झाऊ. क्षितिजापर्यंत लाल आणि मधूनमधून पाण्याचे तुकडे, त्यांत लांब पायांचे पक्षी चोची बुडवत चाललेले. उंच मुलगी लोकांना काही सांगत होती, तिचे हात उडत होते.

"स्वयंपाकघर तिथे होतं," आई अख्खा हात लांब करून म्हणाली. "तो पांढरा पक्षी आहे ना, तिथे."

"नाही गं. तिथे अंगण होतं. स्वयंपाकघर अलीकडे."

"अलीकडे कसं असेल? सकाळचं ऊन चुलीवर यायचं."

"चुलीवर नाही, मोरीत यायचं. मी तिथे दात घासायचे. मला माहीत नाही?"

"तू एवढीशी होतीस. तुला काय माहीत!"

तो पक्षी उडाला आणि दुसरीकडे जाऊन बसला. बाकीचे लोक फाटकाकडे वळले होते. मुलीनं मागे वळून पाहिलं. या दोघी अजून हात करकरून भांडतच होत्या. तिनं हाक मारली नाही. लोकांना घेऊन ती सावकाश पुढे निघाली.